बिननोंदीचं पाणी

एकतीस वर्षं मी मंगळवार पेठेत
लोकांच्या पाण्याचे आकडे वाचले.
गटारीशेजारी उकिडवं बसायचं,
काचेवरची माती अंगठ्यानं पुसायची,
वहीत लिहायचं: चालू, बंद, नादुरुस्त.

म्हणून वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना
पहिल्याच दिवशी बजावलं,
एक दिवसाआड येतं, पहाटे साडेपाच ते सात,
बॅरल भरून ठेवा.
थाविसाक मान हलवून कागलच्या कारखान्याला गेला.
अरुणीनं दोन्ही हात जोडले.
तिच्या मागून एक पोरगी डोकावली.
नाव काय गं?
नाम.
अगं, तेच विचारतोय, नाव काय?
नाम.
असं बराच वेळ चाललं.
शेवटी आईनं नळाकडं बोट दाखवलं.
त्यांच्यात नाम म्हणजे पाणी.

एप्रिलच्या तेराला सकाळीच जिन्यात धिंगाणा.
रंगपंचमीच्या पिचकाऱ्या माळ्यावरून उतरलेल्या,
पहिली धार अजून गुलाबी.
नाम भिजलेली, धाकटा तोन भिजलेला,
दोघांच्या गालांवर पावडर कालवून फासलेली,
आणि माझी सायकल, तीही भिजलेली.
मी ओरडणार, तेवढ्यात अरुणी म्हणाली,
"काका, आज सोंक्रान. नवीन वर्ष."
म्हटलं, आमची संक्रांत जानेवारीतच झाली,
डब्यात तीळसुद्धा उरला नाही.
आणि शिंगणापूरचा उपसा बंद आहे,
उद्या येईल का, ते माझ्या खात्यालाच माहीत नाही.
ती म्हणाली, थोडंच लागेल.

थोडंच म्हणजे एक फुलपात्र.
त्यात मोगरा, महाद्वार रोडच्या मालनकडचा,
गजऱ्यातून सोडवलेला, दोऱ्याचा तुकडा अजून आत.
तिकडं नानला, तिच्या गावी,
पोरं आज थोरांच्या हातांवर पाणी घालतात.
इथं थोर कुठले आणायचे?
गल्ली धुंडाळून सापडलो मी
आणि तालमीसमोरचे हिंदुराव वस्ताद,
कान कुस्तीत चुरमडलेले,
त्यांना काहीही दोनदा सांगावं लागतं.

वस्तादांनी तीर्थाला करावी तशी ओंजळ पुढं केली.
पाणी आलं, पिऊन टाकलं,
मोगऱ्यासकट.
पोरं हसून हसून पायरीवर बसली.

मग माझी पाळी.
नामनं जीभ दातांत धरून जपून ओतलं.
अरुणी म्हणाली, आता आशीर्वाद द्यायचा.
माझ्या तोंडात बसलेलं एकच वाक्य,
थकबाकी भरा, नाहीतर कनेक्शन तोडू.
घसा खाकरला. म्हणालो,
"पोरांनो, तुमच्यावर कुणाची बाकी न राहो."
तिनं त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं.
माझ्या वाक्यापेक्षा ते बरंच लांब होतं.

मग फोन लावला. पलीकडं त्यांची नानची आजी,
मागं कोंबडी, पत्र्याची शेड.
तिनं दोन्ही तळवे जुळवून पडद्याजवळ आणले.
नामनं रिकामं फुलपात्र वाकडं केलं, खोटं खोटं.
तोन तीन वर्षांचा.
त्याला खोटं खोटं कळत नाही.
त्यानं तांब्याच उपडा केला.

तळवे थरथरले, पट्टे पट्टे झाले, काळे झाले.
अरुणी हसली. मोठ्यानं हसली.
मग फोनवर चिकटलेली एक पाकळी काढायला
तिला फार वेळ लागला.

मी खाली जाऊन आजऱ्याचा घनसाळ आणला,
डब्यात फोन पुरला, वर झाकण.
वस्ताद म्हणाले, बरोबर हाय,
दमलेल्या गड्याला आम्ही मातीत पुरतो.
तोन डब्याला कान लावून बसला, दुपारभर.

रात्री जेवायला बसलो.
बादलीत पाणी होतं,
हात धुतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाला,
तांदूळ परत आला. मी तो शिजवला.
घरभर वास सुटला.
घनसाळ मुळातच वासाचा,
की एखादी पाकळी आत राहून गेली होती,
याचं वाचन
काही घेता आलं नाही.